पुराव्याआधीचे बोल : सार्वजनिक कार्यकर्त्यांचे उत्तरदायित्व

सार्वजनिक कार्यकर्त्याला कोणी नेमलेले नसते. आमदाराला पाच वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते, अधिकाऱ्याला सेवानियम असतात, वकिलाची सनद बार कौन्सिलच्या हाती असते, वार्ताहराच्या डोक्यावर निदान संपादक तरी असतो. कार्यकर्ता मात्र स्वतःच काम अंगावर घेतो आणि लोकांनी त्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास एवढेच त्याचे भांडवल असते. घटना घडल्याबरोबर, चौकशी सुरू होण्याआधीच, त्याने एखाद्याला दोषी ठरवले आणि पुढे ते खोटे निघाले, तर त्याला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न या मोकळेपणातून उभा राहतो.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती पहिलीइतकीच जड आहे. ज्या अन्यायाविषयी बोलायचे त्याचे पुरावे बहुतेक वेळा अन्याय करणाऱ्याच्याच ताब्यात असतात. पोलीस कोठडीतल्या मृत्यूचा पंचनामा पोलीसच करतात, धरणाच्या खर्चाची फाईल पाटबंधारे खात्याच्याच कपाटात असते. थांबले तर साक्षीदार फुटतात, कागद गहाळ होतात. ‘आधी चौकशी होऊ द्या’ असे सांगणारा पुष्कळदा ज्याची चौकशी व्हायची तोच असतो. म्हणूनच ‘सत्य कळेपर्यंत गप्प बसा’ हा नियम केला तर तो फक्त बलवानांच्या सोयीचा ठरतो. कार्यकर्त्याचे उत्तरदायित्व तो लवकर बोलला की उशिरा यावर ठरत नाही. बोलण्यापूर्वी त्याने काय तपासले, किती खात्रीचा दावा केला आणि चूक कळल्यावर काय केले, यांवर ते ठरते. पुढील उदाहरणे याच क्रमाने पाहण्यासारखी आहेत.

युरोपातील आधुनिक जनमताची सुरुवात ज्या प्रकरणापासून मानली जाते, ते फ्रान्समधील तुलूझ शहरातले. झां कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याने मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याचा खून केला, असा ठपका ठेवून त्याला १० मार्च १७६२ रोजी चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. ही बातमी कानावर आली तेव्हा व्हॉल्तेअरने लगेच बापाची बाजू घेतली नाही. कालास दोषी असू शकेल असेच त्याला प्रथम वाटले होते. त्याने पत्रे लिहून माहिती मागवली, जिनिव्हात आलेल्या धाकट्या मुलाला बोलावून त्याची उलटतपासणी केली आणि मग लेखणी उचलली. तीन वर्षांनी, ९ मार्च १७६५ रोजी, कालास निर्दोष ठरला. व्हॉल्तेअरचा उपरोध सर्वांना आठवतो. त्याआधी त्याने काही आठवडे केलेली ही चौकशी फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही.

एमिल झोलाचे उदाहरण याहून वेगळे आहे. १३ जानेवारी १८९८ रोजी ‘लोरोर’ या दैनिकात त्याने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले पत्र छापून आले, तेव्हा हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्याविरुद्धचा कट नेमका कोणी रचला हे पूर्णपणे उघड झालेले नव्हते. झोलाने मुख्य सूत्रधार म्हणून दु पाती द क्लाम या अधिकाऱ्याचे नाव घेतले, पण बनावट कागद तयार करणारा मेजर आंरी निघाला. त्याने ऑगस्टमध्ये कबुली दिली आणि आत्महत्या केली. तपशिलात झोला चुकला होता. पण त्याच पत्राच्या शेवटी, हे आरोप करून आपण १८८१ च्या मुद्रण कायद्याखाली स्वतःला खटल्यास पात्र करून घेत आहोत, असे त्याने कलमांच्या क्रमांकांसह लिहिले होते. खटला झाला, एक वर्षाची कैद आणि तीन हजार फ्रँक दंड झाला आणि पुढे त्याला इंग्लंडात पळून जावे लागले. ड्रेफसची पूर्ण मुक्तता १९०६ मध्ये झाली. तोवर झोला हयात नव्हता. पुरावा हाती नसताना बोलायचेच असेल तर जबाबदारी कशी घ्यावी, याचा हा सर्वांत कडक नमुना होय.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात उभा राहिला तो झोलाच्या पत्राच्या आदल्याच वर्षी, पुण्यात. प्लेगच्या साथीत रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर तपासणी चालवली होती. सोवळेओवळे, देवघर, बायकांचा आडपडदा यांची पर्वा न करता चाललेल्या या झडत्यांविषयी शहरात संताप होता. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचा उल्लेख होता. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर इंग्लंडमध्ये पुण्याविषयी कुतूहल वाढले. जुलैच्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये गोखल्यांची मुलाखत छापून आली. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला, असे त्यांनी तीत सांगितले. काही खासदारांपुढेही त्यांनी हे मांडले.

मुंबई सरकारने आरोप धादांत खोटा म्हणून फेटाळला आणि पार्लमेंटमध्येही तेच सांगण्यात आले. गोखले जुलैअखेरीस मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा वारे पालटले होते. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतीच अटक झाली होती, नातूबंधूंना उचलून कैदेत ठेवले होते, पुण्यात जादा पोलीस बसवले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुढे येऊन साक्ष द्यायला तयार नव्हता आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांशी सल्लामसलत करून त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाहीर माफी दिली. ती बिनशर्त होती. गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि तपासणीच्या कामावरचे सैनिक, अशी सर्वांची तीत क्षमा मागितलेली होती.

या माफीने त्यांच्यावर दोन्हीकडून आघात झाला. अँग्लो-इंडियन पत्रांनी खोटारडा म्हटले, देशी पत्रांनी भेकड. त्या वर्षअखेरच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याविरुद्धचा रोष जाणवत होता. इंग्लंडमधील वेडरबर्नसारखे स्नेही अडचणीत आले. आज पाहता या प्रसंगाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. दोन स्त्रियांविषयीचा विशिष्ट आरोप गोखल्यांनी ऐकीव माहितीवर, तोही खात्रीच्या सुरात केला होता. तो मागे घेणे त्यांना भागच होते. पण सैनिकांच्या वर्तनाविषयीची सर्वसाधारण तक्रार खोटी नव्हती. पंडिता रमाबाईंसारख्या, सरकारशी वैर नसलेल्या व्यक्तीनेही प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्याच सुमारास जाहीरपणे लिहिले होते. सैनिकांची सरसकट क्षमा मागताना गोखल्यांनी आपल्या चुकीपेक्षा मोठ्या गोष्टीची कबुली दिली, असे म्हणायला जागा आहे. शिवाय साक्षीदार दडपले गेले ते त्याच सरकारच्या धाकाने, ज्याची माफी मागितली गेली. सरकारने आपल्या नकाराचा पुरावा कधी दिला नाही आणि तो कोणी मागितलाही नाही. उत्तरदायित्वाचा भार एकट्या कार्यकर्त्यावर पडतो, याचे हे जुने उदाहरण.

गोखल्यांनी पुढे जे केले ते माफीहून महत्त्वाचे होते. प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून पुण्याच्या वस्त्यांत हिंडले. कायदेमंडळातील त्यांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांतील आकडे इतके पडताळलेले असत की, विरोधकांना उत्तर देणे जड जाई. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन झाला, त्यातही नव्या सदस्याने पहिली पाच वर्षे शिक्षण आणि अभ्यासात घालवावीत असा दंडक होता. १९१५ मध्ये गांधी भारतात परतल्यावर गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले की, वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. या दंडकाचे मूळ १८९७ च्या उन्हाळ्यात आहे असे गोखल्यांनी कोठे लिहिलेले नाही, पण तसा संबंध लावण्याचा मोह आवरत नाही.

गांधींनी हा धडा पद्धतीत उतरवला. चंपारणमध्ये एप्रिल १९१७ पासून निळीच्या मळेवाल्यांविरुद्धच्या तक्रारी नोंदवताना वकिलांना सूचना होती की, प्रत्येक रयतेची कसून उलटतपासणी घ्यायची आणि जो टिकणार नाही त्याचा जबाब टाकून द्यायचा. गुप्त पोलिसांचा माणूस जबाबांच्या वेळी हजर असे आणि त्याला बसू दिले जाई. कोणी फुगवून सांगण्याला त्यामुळे आपोआप आळा बसे. गांधींनी मोठ्या वृत्तपत्रांच्या संपादकांना वार्ताहर पाठवू नका असे कळवले, जरूर पडेल ती माहिती आपणच देऊ, असेही सांगितले. आजच्या आंदोलकाला हे विचित्र वाटेल. परिणाम असा की, सरकारी चौकशी समितीपुढे तक्रारी टिकल्या आणि १९१८ च्या कायद्याने निळीच्या सक्तीच्या लागवडीची तीनकठिया पद्धत गेली. जालियनवाला बागेनंतर पंजाबमधील अत्याचारांची काँग्रेसतर्फे चौकशी झाली, तीत गांधींबरोबर चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल सुमारे सतराशे जबाबांवर आधारलेला होता. तोंडाला येईल ते बोलण्याजोगा प्रसंग असताना केलेले ते काम होते.

स्वातंत्र्यानंतर भारतात नागरी हक्क संघटनांनी सत्यशोधन समित्यांची परंपरा चालवली ती याच धाटणीने. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांचे शिरकाण झाल्यानंतर पीयूडीआर आणि पीयूसीएल यांनी काही दिवसांतच अहवाल काढला आणि पुढाऱ्यांची नावे घेतली. मात्र ती कोणी सांगितली आणि कोणत्या वस्तीत सांगितली, हेही दिले. वेग आणि पडताळणी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्या पुस्तिकेने दाखवले. महाराष्ट्राशी निगडित उदाहरण मथुरा प्रकरणाचे. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी नवा आरोप एकही केला नाही. निकालपत्रातीलच वाक्ये घेऊन ती कशी टिकत नाहीत, हे दाखवले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला.

याच्या अगदी उलट टोकाला ‘ट्रकभर पुरावे’ हा मराठी राजकारणात रुजलेला शब्दप्रयोग आहे. मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी १९९४ मध्ये शरद पवार यांच्याविरुद्ध आपल्याकडे ट्रकभर पुरावे असल्याचे जाहीर केले. अनधिकृत बांधकामे पाडणारा निर्भय अधिकारी म्हणून त्यांची ख्याती होती, त्यामुळे सभांना गर्दी झाली. त्या ट्रकातला माल न्यायालयात मात्र कधी उतरवला गेला नाही. इथे नुकसान केवळ आरोप झालेल्याचे होते असे नाही. पुढे खरा कागद घेऊन येणाऱ्यालाही ‘ट्रक कुठे आहे?’ असे कुत्सितपणे विचारले जाऊ लागले.

अण्णा हजारे यांचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. युती सरकारमधील समाजकल्याणमंत्री बबनराव घोलप यांच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले, मंत्र्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि आरोप सिद्ध न झाल्याने १९९८ मध्ये हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्यांची रवानगी येरवड्याला झाली आणि लोकक्षोभामुळे ते लवकर सुटले. २०१४ मध्ये विशेष न्यायालयाने घोलप यांना बेहिशेबी मालमत्तेच्या वेगळ्या प्रकरणात दोषी ठरवले. न्यायालयात टिकेल असा पुरावा नसणे आणि आरोपात तथ्य नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे यावरून कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण पुढच्या निकालाने मागचा न तपासलेला आरोप तपासलेला होत नाही. हजारे यांच्याच आरोपांवरून २००३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाने चारपैकी तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला, चौथ्याला मुक्त केले आणि हजारे यांच्या ट्रस्टने त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर केलेल्या खर्चावरही ताशेरे ओढले. आरोप करणारा आणि आरोप झालेला दोघांचीही झाडाझडती एकाच चौकटीत घेणारा असा आयोग महाराष्ट्रात विरळा.

मूळ घटना खरी, पण तपशील खोटा, अशा प्रकरणांचा वेगळा विचार करावा लागतो. २८ फेब्रुवारी २००२ रोजी अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत माजी खासदार एहसान जाफरी यांच्यासह ६९ जण मारले गेले. अरुंधती रॉय यांनी ‘आउटलुक’मधील लेखात जाफरींच्या मुलींनाही विवस्त्र करून जाळल्याचे लिहिले. जाफरींची मुलगी अमेरिकेत होती. रॉय यांनी त्याच साप्ताहिकात कुटुंबाची माफी मागितली. पण तोवर हत्याकांडाकडे दुर्लक्ष करू पाहणाऱ्यांना एक खोटे वाक्य मिळाले होते आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे वापरले. अतिशयोक्तीची किंमत अनेकदा पीडितच मोजतात.

ग्रीनपीसची गोष्ट त्याच जातीची. १९९५ मध्ये शेल कंपनी ‘ब्रेंट स्पार’ हा उत्तर समुद्रातील जुना तेलसाठवण तरंगता मनोरा खोल समुद्रात बुडवणार होती. कार्यकर्त्यांनी त्यावर ताबा घेतला आणि आत पाच हजार टनांहून अधिक तेल असल्याचे सांगितले. युरोपभर शेलच्या पंपांवर बहिष्कार पडला, कंपनी नमली. नमुना घेण्याची पद्धत चुकली होती, प्रत्यक्षात तेल शंभर टनांच्या आसपास होते. सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने शेलच्या ब्रिटिश प्रमुखाला पत्र लिहून माफी मागितली, तीही स्वतंत्र तपासणी पूर्ण होण्यापूर्वी. समुद्र ही कचराकुंडी नव्हे, हा मूळ मुद्दा सोडला नाही. आणि १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिक किनाऱ्यावरील देशांनी असे सांगाडे समुद्रात टाकण्यावर बंदी घातली. माफी किती लांबीची असावी याबाबत गोखल्यांपेक्षा ही संस्था अधिक नेमकी निघाली, मात्र तिला दडपणारे सरकार समोर नव्हते.

मूळच खोटे निघते तेव्हा काय होते, हे अमेरिकेतल्या दोन प्रकरणांत दिसते. १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलीने गोऱ्या पुरुषांनी अत्याचार केल्याची तक्रार केली. रेव्हरंड अल शार्प्टन आणि दोन वकिलांनी एका सहायक सरकारी वकिलाला गुन्हेगार म्हणून जाहीर केले. ग्रँड ज्युरीने १९८८ मध्ये तक्रारीला आधार नाही असा निष्कर्ष काढला. अब्रुनुकसानीच्या दाव्यात १९९८ मध्ये तिघांवर मिळून ३ लाख ४५ हजार डॉलरची भरपाई लादली गेली; शार्प्टनच्या वाट्याची रक्कम त्याच्या समर्थकांनी भरली. त्याच्या सार्वजनिक कारकिर्दीला धक्का लागला नाही. दुसरे प्रकरण २००६ चे, ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातील तीन खेळाडूंवरील बलात्काराच्या आरोपाचे. ८८ अध्यापकांनी विद्यार्थी वृत्तपत्रात जाहिरात दिली. ती परिसरातील वंशभेदाविषयी आहे, कोणाच्या दोषाविषयी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्या आठवड्यात ती तशी वाचली जाणे शक्यच नव्हते. २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याने खेळाडू निर्दोष असल्याचे जाहीर केले आणि खटला रेटणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. तक्रारदार स्त्रीने २०२४ मध्ये खोटे बोलल्याचे कबूल केले. अध्यापकांपैकी अनेकांनी जाहिरात मागे घेण्यास नकार दिला होता. सनद असलेल्याला जाब द्यावा लागला, नैतिक अधिकाराने बोलणाऱ्यांना नाही.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, सत्य असून लोकहिताचे असलेले विधान अब्रुनुकसानी ठरत नाही. पण त्याखेरीज लोकहितासाठी सद्भावनेने केलेले विधानही अपवादात येते आणि सद्भावनेच्या कायदेशीर व्याख्येत योग्य ती काळजी व लक्ष अंतर्भूत आहे. म्हणजे कायदा कार्यकर्त्याकडून अचूकपणा मागत नाही, खटपट मागतो. अमेरिकेतील १९६४ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ खटल्याचे मूळही नागरी हक्क चळवळीच्या एका जाहिरातीत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना चारदा अटक झाली असताना सातदा झाल्याचे तीत म्हटले होते आणि इतरही किरकोळ चुका होत्या. अलाबामातील ज्युरीने पाच लाख डॉलरची भरपाई ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून म्हटले की, विधान खोटे असल्याचे माहीत असताना किंवा सत्याची बेपर्वाई करून ते केले असेल तरच लोकसेवकाला भरपाई मिळेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात, लोकसेवकांच्या अधिकृत कामाबाबत, दिवाणी दाव्यांपुरती जवळपास हीच कसोटी मान्य केली. फौजदारी अब्रुनुकसानी मात्र २०१६ मध्ये वैध ठरवली गेली.

व्यवहारात फौजदारी खटला ही जबाबदारी ठरवण्याची वाईट रीत आहे. मेधा पाटकर यांच्याविरुद्धचा खटला २००० मधल्या एका प्रसिद्धीपत्रकावरून उभा राहिला. दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना २०२४ मध्ये दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली. विधान योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा पाव शतकाने मिळत असेल तर त्यातून ना बोलणारा शिकतो, ना ज्याची बदनामी झाली त्याचे नाव वेळेत धुऊन निघते. धनवान पक्षाला मात्र तारखांवर तारखा घेऊन गरीब संघटनेला थकवता येते. जनहित याचिकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उच्च न्यायालयांना सांगितले की, याचिका दाखल करून घेण्यापूर्वी याचिकाकर्त्याची पत आणि मजकुराची सकृद्दर्शनी सत्यता तपासावी. हे गाळणे अधिक उपयोगी आहे, कारण ते दारातच लागते.

न्यायालयाबाहेर उरते ते चळवळीचे स्वतःचे शिस्तपालन. ते क्वचित दिसते. सहकाऱ्याची चूक दाखवणे म्हणजे शत्रूला दारूगोळा पुरवणे, ही समजूत सर्व रंगांच्या संघटनांत सारखीच आहे. चौकशीची मागणी करणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे, हा भेद व्यासपीठावर टाळ्यांच्या गजरात पुसला जातो. खुलासा दिला तरी तो आरोपाच्या व्यासपीठावरून दिला जात नाही.

माहितीच्या अधिकाराने या प्रश्नाची चौकट बदलली. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला, केंद्राचा २००५ मध्ये आला आणि ज्या फाईलविषयी पूर्वी तर्कच करावा लागे, तिची प्रत तीस दिवसांत मिळवता येऊ लागली. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांच्यासारखे कार्यकर्ते कागद हातात घेऊनच बोलत. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. अर्ज करण्याची सोय असताना ऐकीव माहितीवर आरोप करणाऱ्याची सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. पण ही सोय कायम राहील असे धरून चालता येत नाही. माहिती आयोगांत अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये दुरुस्ती केली असून, व्यक्तिगत माहिती नाकारताना लोकहिताचा तोल पाहण्याची त्या उपकलमातील अट काढून टाकली आहे. लोकहित वरचढ असल्यास माहिती देता येईल अशी सर्वसाधारण तरतूद कलम ८(२) मध्ये अजून आहे. पण ती वापरायची की नाही, हे ठरवणारा अधिकारी ज्या खात्याची माहिती मागितली त्याच खात्याचा असतो.